सात दिवसांचा पास आणि अर्धं तिकीट

आमच्या घरात एसटीचं पूर्ण तिकीट भरणारा मी एकटाच उरलोय. आईला पंच्याऐंशी पूर्ण झाली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास फुकट. बायकोला २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट, सगळ्या बायकांना असतं तसं. नातू आठ वर्षांचा, त्याचंही अर्धंच. मी एकसष्टचा. पासष्ट झाली की मलाही अर्धं, पण त्याला अजून चार वर्षं आहेत. जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या पासबुकात नोंदी करण्यात गेल्यामुळे असले हिशोब मला जरा जास्तच बोचतात. त्या बोचणीतूनच मी एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' या पासापर्यंत पोचलो.

योजना १९८८ पासूनची आहे, म्हणजे मी नोकरीला चिकटलो त्याच सुमाराची, आणि तरी मी ती कधी वापरली नव्हती. पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो; साध्या गाड्यांचा वेगळा, शिवशाहीचा वेगळा. पैसे एकदाच भरायचे, मग पासावरच्या तारखांमध्ये राज्यात कुठूनही चढा, कुठेही उतरा. दर मुद्दाम लिहीत नाही. तो बदलत असतो, आणि इथला शिळा आकडा वाचून कुणी खिडकीवर वाद घालायला नको. आगारात जाऊन विचारावं, ओळखपत्र घेऊन जावं.

मी सात दिवसांचा साधा घेतला. मुलगा म्हणाला, बाबा शिवशाहीचा घ्या, एसी असतो. डिसेंबरात मराठवाड्यात एसीचं काय करायचं? शिवाय मला जायचं होतं त्या नळदुर्ग-लोणारसारख्या ठिकाणी लाल गाडीच भरवशाची. बायकोने पास घ्यायलाच नकार दिला. म्हणाली, "तुम्ही घ्या हवा तर. मी माझी अर्ध्या तिकिटात येते. परत आल्यावर बघू कुणाचे पैसे किती गेले ते." अशा रीतीने ही सहल सुरू होण्याआधीच तिची स्पर्धा झाली.

मार्ग मी कागदावर आखला होता. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड, पंढरपूर, सोलापूर, तुळजापूर, अंबाजोगाई, संभाजीनगर, वेरूळ, लोणार आणि परत. कोकणातल्या माणसाने समुद्र सोडून इतकं आत का जावं, असं शेजारी विचारत होते. समुद्र रोजच आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी ही आमची कुलदेवता, कोकणातल्या कितीतरी घरांची आहे, आणि लग्नानंतर १९९१ मध्ये एकदा जाऊन आलो तेवढंच. पुढल्या वर्षी जाऊ, पुढल्या वर्षी जाऊ, करता करता निवृत्त झालो.

पास शुक्रवारपासूनचा काढणार होतो. बायको कागद हातात घेऊन बोटं मोजत बसली आणि म्हणाली, "अहो, पाचव्या दिवशी वेरूळ लिहिलंय. पाचवा दिवस मंगळवार येतो." वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बोटं मोजणं वेगळं. शनिवारपासूनचा पास काढला. तुम्ही पास काढणार असाल तर तारीख टाकण्याआधी हे वार डोक्यात ठेवा. तुळजापूरला मंगळवारी आणि शुक्रवारी देवीच्या वाराची गर्दी असते, तेही त्यातच धरा.

शनिवारी सकाळची कराड गाडी. कंडक्टर मशीन घेऊन आला, मी पास पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून नीट वाचला, तारखा बघितल्या, ओळखपत्र बघितलं आणि बायकोकडे वळला. "ह्यांचं?" बायकोने "एक कराड" म्हणत पैसे ठेवले. हा प्रसंग पुढे सात दिवस, दर गाडीत, थोड्याफार फरकाने घडला. तिने तिकिटं ठेवायला जुन्या चष्म्याची डबी घेतली होती. मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत चिटोऱ्यांवरची छपाई उडते, हे तिला पक्कं ठाऊक, म्हणून प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर पेनाने रक्कम लिहायची आणि मगच डबी बंद करायची. बँकेत मी होतो की ती, असा प्रश्न पडावा.

पोफळी मागे पडली की घाट सुरू होतो. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी याच बाजूने खाली आमच्या वाशिष्ठीत येतं, म्हणून चिपळूणची नदी उन्हाळ्यातही वाहते. माथ्यावर हेळवाकला हवा बदलली ती अंगाला कळली. कराड सोडून विट्याच्या पुढे गेलो तसा डोळ्यांतला हिरवा रंग हळूहळू उतरला. आटपाडीच्या बाजूला डाळिंबाच्या बागा, मधे उघडी माळरानं, आणि आभाळ इतकं मोठं की आम्हाला सवय नाही. आमच्याकडे आभाळ माडांच्या मधून तुकड्यातुकड्याने दिसतं.

पंढरपूरबद्दल काय लिहू? एकादशी नव्हती, मुखदर्शन घेतलं, चंद्रभागेच्या वाळवंटात थोडा वेळ बसलो, झोपलो.

दुसरा दिवस मात्र सगळाच्या सगळा नळदुर्गाचा. सोलापूरहून तुळजापूरला थेट गाड्या भरपूर. सरळ जाणारा माणूस तासाभरात देवीच्या पायऱ्यांवर असतो. आम्ही सोलापूरला उमरग्याच्या गाडीत बसलो आणि हैदराबाद रस्त्याला नळदुर्गाला उतरलो. किल्ला बोरी नदीच्या काठी आहे. म्हणजे काठी आहे असं वाटतं; आत गेल्यावर कळतं की किल्ल्याने नदीच धरून ठेवलीय. दोन भागांच्या मधे नदीवर दगडी बंधारा बांधलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. पाणी महाल. आदिलशाहीतलं, दुसऱ्या इब्राहिमाच्या काळातलं हे काम.

बंधाऱ्यावरून चालत जायचं आणि मधेच भिंतीत जिना उतरतो. वर कडक ऊन होतं. सहा-सात पायऱ्या उतरलो तर गारवा आला, आणखी उतरलो तर ओल्या दगडाचा वास. खालच्या खोलीला कमानीच्या खिडक्या आहेत, नदी जिकडे पडते त्या बाजूला उघडणाऱ्या. पाठीमागच्या भिंतीला मी हात लावला. एका बाजूला माझा पंजा आणि पलीकडे धरणभर पाणी, मधे चारशे वर्षांपूर्वीचा दगड. बायकोने विचारलं, "पावसाळ्यात काय दिसत असेल हो इथून?" पावसाळ्यात पाणी बंधाऱ्यावरून उड्या मारतं, दोन धारांनी, नर आणि मादी म्हणतात त्यांना, आणि महालात बसलेला माणूस कोरडाच राहतो, पाण्याचा पडदा त्याच्या समोरून पडतो. आम्हाला तो पडदा मिळाला नाही, डिसेंबर होता. तुम्ही जाणार असाल तर श्रावण-भाद्रपदात चांगला पाऊस झाल्याचं ऐकून जा.

उपळी बुरूज मी एकटा चढलो, बायको खाली सावलीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी उघडून बसली होती. सोलापूर स्टँडबाहेर घेतलेली. कडक भाकरी हा प्रवासातला फार शहाणा पदार्थ आहे. आठ दिवस टिकते, पाठीवरच्या पिशवीत मोडली तरी चव मोडत नाही, आणि आमच्या तांदळाच्या भाकरीसारखी दुपारनंतर रुसत नाही.

संध्याकाळी तुळजापूर. तिथे घरच्या झाडाचा एक नारळ वाहिला, दुसरा अंबाजोगाईसाठी राखला. हळदी-कुंकवाची पुडी बायकोने पिशवीत टाकली ती नेमकी चष्म्याच्या डबीशेजारी, आणि पुडी सैल होती. त्याचा परिणाम शेवटी कळेल.

एका गावच्या लॉजबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत, गावाचं आणि लॉजचं नाव मात्र लिहीत नाही. 'चोवीस तास गरम पाणी' अशी पाटी होती. सकाळी मागितलं तर पोरगा म्हणाला, बादलीचे तीस. म्हटलं, पाटीवर तर लिहिलंय. तो म्हणाला, "काका, चोवीस तास मिळतं ना. फुकट असं कुठं लिहिलंय?" मी पाटी पुन्हा वाचली. पोरगा बरोबर होता. पास असला की प्रवासाचा खर्च डोक्यातून जातो आणि माणूस लॉजवर घासाघीस करत बसतो, हा त्याचा एक तोटा. ज्याचे पैसे वाचतात त्याचा आनंद दुसऱ्या दिवशी विरतो. ज्याचे जातात ते तीस रुपये आठवडाभर लक्षात राहतात.

सोमवारी औसा, लातूर करत अंबाजोगाई. लातूरला फक्त गाडी बदलली. अंबाजोगाई हे गाव मला १९९१ मध्ये मुळीच दिसलं नव्हतं. नवं लग्न, सोबत आई-वडील, दोन आत्या, सगळे देवळात गेलो, ओटी भरली, तांबुलाचा प्रसाद घेतला आणि पुढच्या गाडीने परळी. या वेळी देवळातून बाहेर पडल्यावर घाई नव्हती. जयंती नदीच्या बाजूला हत्तीखाना म्हणतात तिथे गेलो. नावावरून मला वाटलं एखादा पडका तबेला असेल. निघाली लेणी. कातळ खोदून काढलेलं अंगण, मधे नंदीचा मंडप, आणि अंगणात दगडाचे हत्ती उभे, झिजलेले, सोंडा तुटलेले, तरी अंगावर येणारे. एका पोराने क्रिकेटचा चेंडू हत्तीच्या पायाखालून काढला आणि पळाला. बाकी कुणीच नव्हतं.

योगेश्वरीची गोष्ट गावात कुणीही सांगतं. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. वऱ्हाडाचा जागच्या जागी दगड झाला आणि देवी कुमारिकाच राहिली. मी हत्तींपाशी रेंगाळलो आणि बायको सारखी घड्याळ बघत होती, कारण मुकुंदराजांच्या समाधीकडे अंधार पडायच्या आत जाऊन यायचं होतं. "टळेल हं मुहूर्त," ती म्हणाली. मराठीचा आद्यकवी म्हणून शाळेत ज्यांचं नाव पाठ केलं त्यांची समाधी बालाघाटाच्या कड्याखाली दरीत आहे. उतरताना सूर्य समोरच्या डोंगरामागे गेला. खाली पाण्याचा आवाज आणि माकडं. दासोपंतही याच गावचे. चाळीस फूट लांब कापडावर त्यांनी ओव्या लिहून काढल्या, ती पासोडी याच गावात आहे. मी खिशातला पास चाचपला. एवढ्याशा कागदावर सात दिवस मावतात, हे मला त्या वेळी कमीच वाटलं.

मंगळवार सगळा गाडीत गेला. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, पाचोड, संभाजीनगर. कंबर धरली. कंबर एकसष्ट वर्षांची आहे, तिचा राग गाडीवर काढणार नाही. पण ज्यांना पासाचे पैसे वसूल करायचे म्हणून रोज तीनशे किलोमीटर कापायचेत, त्यांना सांगतो: दोन दिवस होतं, तिसऱ्या दिवशी खिडकीबाहेर बघावंसंही वाटत नाही. गेवराईनंतर काय पाहिलं, मला आठवत नाही. रात्री नान-खलिया खाल्ला तेव्हा जीव परत आला. बायको म्हणाली, रस्सा चांगला आहे, पण चिपळुणात आता सुरमई आली असेल.

बुधवारी वेरूळ. कन्नडकडे जाणारी गाडी पकडायची. ती दौलताबाद, खुलताबाद करत वेरुळाला लेण्यांच्या रस्त्यावर सोडते. चौतीस लेणी आहेत, त्यात बौद्ध बारा, हिंदू सतरा, जैन पाच. सगळी बघायला गेलात तर एकही दिसणार नाही. आम्ही दोनच नीट बघितली. कैलासात शिरण्याआधी त्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाट धरली आणि वरून खाली बघितलं. हे करा, आधी हे करा. खालून गेलात तर ते एक प्रचंड देऊळ दिसतं. वरून बघितलंत तर कळतं की इथे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर होता आणि देवळाखेरीजचं सगळं काढून टाकलंय. कळस आधी झाला, पाया शेवटी. आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, छिन्नी-हातोडीने, आणि चुकलेला एक घाव परत भरता येत नाही अशा दगडात.

आमच्याकडे जांभा. चिरेखाणीत उभा राहिलो की चिरा कापलेला दिसतो, उरलेला खड्डा कुणी बघत नाही. इथे उलटं. बायको कठड्याजवळ बराच वेळ उभी होती. तिचे वडील चिरेखाणीवर मुकादम होते. ती फक्त एवढंच म्हणाली, "कापलेला दगड नेला कुठे असेल एवढा?" मी आजूबाजूला बघितलं. खरंच, कुठेच दिसत नाही.

गुरुवार हा या परीक्षणाचा मुख्य दिवस. सकाळी संभाजीनगरहून जालना, जालन्याहून मेहकरची गाडी, मेहकरहून लोणार असा बेत. दुपारी दोनपर्यंत लोणार. जालन्याच्या पुढे गाडी सिंदखेड राजाला स्टँडवर थांबली. जिजाऊंचं जन्मगाव, १२ जानेवारी १५९८. दर वर्षी १२ जानेवारीला इथे माणसाला पाय ठेवायला जागा नसते, टीव्हीवर बघतो आपण. मी खिडकीतून बघितलं, स्टँड निवांत, एक कुत्रं उन्हाला झोपलेलं. म्हटलं, "ऊठ, उतरू या."

"अहो, माझं मेहकरपर्यंतचं तिकीट आहे."

"असू दे."

"असू दे काय? मघाशीच काढलंय."

कंडक्टर खाली उभा राहून हसत होता. म्हणाला, "मावशी, काकांचं काय, त्यांना पास आहे. तुमचं तिकीट जाईल." आणि मग, बायको पिशवी खांद्याला लावून उतरलीच. रागाने उतरली, पण उतरली.

हाच या पासाचा खरा गुण आहे, बाकी सगळा हिशोब. तिकीट काढताना तोंडातून गावाचं नाव निघतं आणि तुम्ही त्या गावाला बांधले जाता. मधे काहीही दिसो, तुम्ही उतरत नाही. उतरणं म्हणजे पैसे पाण्यात. आयुष्यभर मी असाच गेलो. चिपळूण-मुंबई शेकडो वेळा केलं असेल, मधल्या गावांची फक्त स्टँडं ठाऊक आहेत. पास खिशात असला की निर्णय चढताना करायचा नसतो, उतरताना करता येतो.

लखुजी जाधवांचा वाडा स्टँडपासून चालत जाण्यासारखा आहे. दरवाजा भव्य, आत गेल्यावर निम्मं छत आभाळाचं. जन्मस्थानाच्या खोलीशी बायको चपला काढून उभी राहिली. तिथली झाडलोट करणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठून आले?" चिपळूण म्हटल्यावर त्यांना पटकन उमगेना. "रायगडाच्या खालून," बायको म्हणाली. चिपळूण काही रायगडाखाली नाही. पण त्या बाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली. जिजाऊंचं शेवटचं गाव पाचाड, रायगडाच्या पायथ्याचं. तिथली समाधी आम्ही बघितलेली आहे. या टोकाला जन्मघर आणि त्या टोकाला समाधी, आणि दोन्हीच्या मधला रस्ता आम्ही पाच दिवस तुडवत होतो, हे मला तिथे सतरंजीवर बसल्यावर लक्षात आलं.

पुढची मेहकर गाडी तासाभराने मिळाली. बायकोने नवं तिकीट काढलं आणि जुन्याच्या पाठीवर पेनाने लिहिलं: 'वाया. यांच्यामुळे.'

लोणारला पोचायला सूर्य खाली आला होता. आधी दैत्यसूदनाचं देऊळ, गावातच आहे, आणि बाहेरून बघून माणूस पुढे जाऊ नये. बाहेरच्या भिंतींवर इंचभर जागा कोरी नाही. आत अंधार, मोबाइलचा टॉर्च वर मारा, छतावर दैत्यवधाची सगळी कथा कोरलीय. मग सरोवर. पुस्तकात 'उल्कापाताने बनलेलं, काळ्या कातळातलं विवर' असं वाचलेलं असतं, त्यातून काही समजत नाही. काठावर उभं राहिल्यावर समजतं. जवळजवळ दोन किलोमीटर रुंद, ताटासारखं गोल, आणि आजूबाजूचं सगळं रान सपाट. डोंगर नाही, दरी नाही, नुसतं सपाट रान आणि मधे हा खळगा. जणू कुणी ओल्या शेणात मुठीचा ठोसा मारून हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी लवकर निघायचं असल्याने तळापर्यंत जायला वेळ नव्हता, तरी मी निम्मी वाट उतरलो. झाडी दाट, मोर ओरडत होते, आणि खालून एक वास येत होता, सोड्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. पाणी खारं आणि क्षारांचं आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो फिरले. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे झालं होतं ते. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. आम्हाला दिसलं तेव्हा ते हिरवंच होतं, काळपट हिरवं. काठावरच्या धारेला मात्र गोडं पाणी अखंड वाहतं. खाऱ्याच्या डोक्यावर गोडं. तिथे अंघोळ करणारा एक म्हातारा म्हणाला, "काय पाहून राह्यले? या, पाणी गरम आहे." गरम नव्हतं. पण बादलीचे तीसही नव्हते.

शेगाव राहिलं. लोणारहून मेहकर, खामगाव करत जाता आलं असतं, पण मग सातव्या दिवशी घर गाठता आलं नसतं. सात दिवसांत सातवा दिवस परतीचा असतो, हे पास काढताना कुणाच्याच डोक्यात येत नाही. चार दिवसांच्या पासाचे तर खऱ्या अर्थाने तीनच.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला लोणार सोडलं. मंठा, जालना, संभाजीनगर, आणि तिथून नगरमार्गे पुणे. नगर ते पुणे हा एसटीचा पहिला रस्ता. १ जून १९४८ ला पहिली गाडी इथून धावली. ते मी बायकोला सांगितलं, ती झोपली होती. पुण्यात वाकडेवाडीला उतरून स्वारगेटला मेट्रोने आलो. तिथे माझा पास चालत नाही आणि तिची सवलतही चालत नाही. आठवड्यात पहिल्यांदाच आम्ही दोघांनी सारखे पैसे भरले.

स्वारगेटहून चिपळूण गाडी. पासाची मुदत रात्री बारापर्यंत. पाटण सोडलं तेव्हा मी घड्याळ बघायला लागलो. कुंभार्लीच्या उतारावर ट्रक पुढे होता. पोफळीचे दिवे दिसले. चिपळूणच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. पंचवीस मिनिटं शिल्लक. अजून कुठे जाऊन येऊ, असं मी म्हटलं, तर बायकोने उत्तर दिलं नाही.

शनिवारी सकाळी चहाबरोबर डबी उघडली. सुरुवातीची तिकिटं तुळजापूरच्या हळदीने पिवळी झाली होती आणि दोनांवरची छपाई उडून गेली होती. पाठीवरचे पेनाचे आकडे मात्र होते. तिने बेरीज केली, मी तपासली, एका ठिकाणी हातचा राहिला होता तो धरला. जवळपास सोळाशे किलोमीटर झाले होते. तिचे सगळे मिळून माझ्या पासाच्या निम्म्याहून थोडे जास्त. मी पूर्ण तिकिटं काढत गेलो असतो तर पासाच्या किमतीहून जरासे जास्तच गेले असते, म्हणजे मी वाचवलं, पण हॉटेलात दोघांची एक वेळची थाळी व्हावी इतकंच. सिंदखेड राजाचं वाया गेलेलं तिकीट तिने वेगळं काढलं आणि ते माझ्या नावावर टाकलं. बायकांनी, पासष्टच्या पुढच्यांनी हा पास घेण्यात अर्थ नाही, हे तिचं मत. मला ते मान्य आहे. ज्याला एकाच गावी जायचंय त्यानेही घेऊ नये. माझ्यासारख्या मधल्या वयाच्या, पूर्ण तिकिटाच्या माणसाने घ्यावा, आणि घेतलाच तर आखलेल्या कागदावर नसलेल्या एका गावी तरी उतरावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सातव्या दिवसाचा.

"पुढच्या डिसेंबरात शेगाव," बायको म्हणाली. "आणि मग चिखलदरा. त्याच्या पुढच्या वर्षी खानदेश." मग तिने बोटं मोजली. "चारच पास होतील तुमचे. नंतर तुम्हाला अर्धं."